दाभोळचा ‘खात्रीचा’ परतावा

* लेखकाने येथे ‘खात्रीचा परतावा’ म्हटले आहे ते कंपनीच्या बाजूने. एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीज उचलली नाही, तरी स्थिर आकार देणे त्याला बंधनकारक होते. इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर यांचा भारही मंडळावरच. प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य काढताना पुढील वर्षांच्या रकमा वटावदराने आजच्या किमतीत आणतात. जोखीम जितकी कमी धरावी तितका हा दर उतरतो आणि प्रकल्प फायद्याचा दिसतो. दाभोळची जोखीम मात्र फक्त दुसऱ्याच्या खतावणीत गेली होती. मंडळाची ऐपत वीजबिलांच्या वसुलीवर अवलंबून. महागड्या विजेला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा देणी थकली आणि राज्य व केंद्र सरकारच्या हमीपर्यंत प्रकरण गेले. जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या न परवडणारा ठरवून १९९३ मध्येच कर्ज नाकारले होते. तो इशारा मानायला हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९९ मध्ये सुरू झालेला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे २००१ मध्ये बंद पडला. — संपा.