खळ, चरबी आणि थुंकी

14 एप्रिलच्या आदल्या दिवशी मुरुमला आमच्या वस्तीतल्या दोऱ्यांवर जागा उरत नसे. पांढरे सदरे, पांढरी लुगडी. आई साबुदाण्याची खळ शिजवायची, चिमूटभर नीळ टाकायची, सदरा बुडवून पिळायची. उन्हात वाळला की सदरा पत्र्यागत कडक. मिरवणुकीत घाम आला की तासाभरात पुन्हा मऊ. खळ कापसाच्या आत शिरत नाही, वर बसते. पाणी लागलं की सुटते.

मित्रांनो, ही खळ गिरणीतही होती. आणि खळीच्या त्या धाग्याला तोंड कुणी लावायचं, यावरून आपल्या बापजाद्यांना मुंबईच्या गिरण्यांत एक खातं कायमचं बंद होतं.

माझा आजा मुरुमचा. मुरुम तेव्हा निजामाच्या मुलखात. आजा सोलापूर गाठून आगगाडीनं मुंबईला गेला आणि एका गिरणीत त्रासन खात्यात लागला. त्रासन म्हणजे जिथं सूत कातलं जातं ते खातं. पगार कमी. शेजारी विणखातं, तिथं साचे चालायचे, उक्त्या कामाचे पैसे मिळायचे आणि चांगला साचेवाला कातणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त कमवायचा. मी एकदा विचारलं, आज्या, तू साच्यावर का गेला नाहीस? तो म्हणाला, ‘‘धागा तुटला की थुकी लावून जोडायचा आसतोय. आन् आपली थुकी त्येंला चालत न्हाई.’’

आता हे नीट समजून घेऊ. साच्यावर उभा धागा असतो तो ताणा. साचा दर फेऱ्याला त्याला ओढतो, घासतो. कोरं सूत ही मार सोसत नाही, त्याचे तंतू उकलतात आणि धागा तुटतो. म्हणून विणण्याआधी ताण्याला खळ पाजतात. हातमागवाले त्यालाच पांजणी म्हणतात. पिठाची कांजी तंतू एकमेकांना चिकटवते, वर गुळगुळीत कवच करते. पण नुसती कांजी वाळली की ठिसूळ होते, म्हणून गिरणीत तिच्यात जनावराची चरबी घालत. कापड वजनाला भरावं म्हणून चिनी मातीही घालत, ही मालकांची हुशारी. शिवाय कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो. व्हिस्कोस रेयॉनचं उलटं, तो भिजला की ताकद निम्म्यावर येते. म्हणून विणखात्यात हवा दमट ठेवायची, आणि तुटलेलं टोक ओलं करून गाठायचं. ओलं कशानं? हाताशी फुकट असलेल्या थुंकीनं. आडवा धागा, बाणा, धोट्यात असतो. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला आज एक तोंड, उद्या दुसरं.

हा प्रकार आपल्याकडचा नव्हे, यंत्राबरोबर लँकेशायरहून आला. तिकडे त्याला धोट्याचं चुंबन म्हणत. रोग पसरतो म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1911 साली त्याच्यावर बंदी घातली. इंग्लंडला नियम करायला 1952 उजाडलं. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. तिकडे भीती क्षयाची होती. इकडे आजाऱ्याचा धोटा चालायचा, महाराचा नाही.

आणि चरबी? मटण न खाणाऱ्या घरचा साचेवालाही चरबीचा धागा ओठांत धरत होता. त्यानं कुणी बाटलं नाही.

मुरुमच्या शाळेत मी आठवीत असताना सरांनी एक प्रयोग दाखवला. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं, ते निळंभोर झालं. मग म्हणाले, कुणीतरी थुंका. एका नळीत पाटलाचा पोरगा थुंकला, दुसऱ्या नळीत मी. थोड्या वेळानं दोन्ही नळ्यांतला निळा रंग गेला. थुंकीत एक पाचक द्रव्य असतं, ते पिठाचे तुकडे करतं. पुढं कळलं, गिरणीत विणून झालेल्या कापडातली खळ काढायला याच जातीचं द्रव्य वापरतात. (जात हा शब्द इथं शास्त्राचा आहे.) खळ काढली की कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, मग ब्लीचिंग पावडरनं पांढरं करतात. थुंकीचा तिथं मागमूसही राहत नाही. ताणून धरलेल्या सुताला कडक कॉस्टिक पाजलं तर मात्र कापूस आतूनच बदलतो, फुगतो, चमकतो, रंग जास्त पितो. जॉन मर्सरनं कॉस्टिकचा हा गुण 1850 साली पेटंट केला, ताणून चमक आणायची युक्ती 1890 च्या सुमाराची. म्हणजे कॉस्टिक कापसाला बदलू शकतं, आपली थुंकी नाही. तरी बंदी थुंकीवर.

आपल्याला विणता येत नाही म्हणावं, तर तेही खोटं. नागपूर-भंडारा भागात महार जाडंभरडं कापड विणत, इंग्रजांच्या नोंदींत तसं लिहिलंय. हात तेच. मुंबईत साच्याचा पगार दिसला आणि विटाळ आठवला.

1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. पुढाऱ्यांनी 17 मागण्या काढल्या, त्यांत विणखातं अस्पृश्यांना खुलं करायची मागणी नव्हती. बाबासाहेबांनी ते विचारलं, आणि अस्पृश्य कामगारांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मागणीत आला नाही तर त्यांना संपापासून दूर ठेवीन असं बजावलं. लाल बावटेवाल्यांनी मागणी घेतली, पण नाखुशीनं. पुढे ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं, हेच जास्त लागतं. आडवे आले ते शेजारचे कामगार, ज्यांच्याबरोबर आजा सहा महिने उपाशी राहिला.

आजा मुरुमला परतला तो त्रासन खात्यातूनच. म्हातारपणी गोधडीसाठी सुईत दोरा ओवताना टोक जिभेवर फिरवायचा. मी बघत बसायचो.

तुमच्या वस्तीत कुणाचा बाप, आजा गिरणीत होता का ते विचारा. कुठल्या खात्यात होता हेही विचारा, आणि लिहून ठेवा. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, त्यांची भोंग्यांची धुराडी पडली. कोण कुठल्या खात्यात होतं, हे बोलणारी तोंडंही आता मोजकीच उरली आहेत.