स्वस्त विजेवरील मोटारीचा स्वीकार आणि नकार : ‘रेवा’चा बंगळूर व लंडन येथील अनुभव

प्रास्ताविक

विजेवर चालणारी स्वस्त मोटारगाडी लोक का घेतात आणि का टाळतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तंत्रज्ञानात शोधले जाते. बॅटरी सुधारली, पल्ला वाढला, किंमत उतरली की ग्राहक आपोआप येईल, असे गृहीत धरले जाते. इतिहास या गृहीतकाला पुरता दुजोरा देत नाही. बंगळूर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही गाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. कारखाना एक, यंत्ररचना जवळजवळ तीच. तरीही मायदेशी ती कुतूहलाचा विषय होऊन राहिली आणि लंडनमध्ये काही वर्षे रस्तोरस्ती दिसू लागली. पुढे तेथेही तिचा ओघ आटला. या दोन्ही ठिकाणी गाडीत फारसा बदल झालेला नव्हता. बदलला होता तो चालकाचा हिशेब. प्रस्तुत निबंधात या हिशेबाची मांडणी केली आहे.

पूर्वपीठिका

विजेवरील मोटार ही एकविसाव्या शतकाची निर्मिती नव्हे. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. विजेची गाडी शांत होती, धूर सोडत नव्हती आणि हँडल मारून सुरू करावी लागत नव्हती. १९०८ साली हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ बाजारात आली आणि १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा स्वयंचलित स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. पहिल्या घटनेने किमतीचा आणि दुसरीने सोयीचा फायदा विजेच्या गाडीकडून काढून घेतला. मागे राहिली ती एक प्रतिमा : शहरातल्या शहरात फिरणारी, श्रीमंत घरातील स्त्रियांची गाडी. खुद्द फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ वापरीत असत, हा योगायोग बोलका आहे. ‘ही खरी मोटार नव्हे’ हा शेरा तेव्हापासून विजेच्या गाडीला जो चिकटला, तो शंभर वर्षे सुटला नाही.

भारतात या दिशेने झालेला एक आरंभीचा प्रयत्न म्हणजे १९९३ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली ‘लव्हबर्ड’ ही दोन आसनी गाडी. ती फार काळ टिकली नाही. तिच्यामागून आलेली रेवा मात्र दीर्घकाळ तग धरून राहिली.

रेवाची घडण आणि बंगळूरचा ग्राहक

रेवा इलेक्ट्रिक कार कंपनीची स्थापना १९९४ साली बंगळूरचा मैनी उद्योगसमूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन कंपनी यांच्या भागीदारीतून झाली. तिचे प्रवर्तक चेतन मैनी यांनी मिशिगन विद्यापीठात शिकत असताना सौर मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या चमूत काम केले होते. सात वर्षांच्या खटाटोपानंतर जुलै २००१ मध्ये गाडी विक्रीस आली. लांबी सुमारे २.६ मीटर, दारे दोन, आसने दोन प्रौढांची व मागे दोन मुलांची. पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पत्रे. आसनांखाली सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या. घरातील १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर लावून ठेवली की सुमारे ८० किलोमीटरचा पल्ला मिळे. वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. क्लच नाही, गिअर नाही. किलोमीटरमागे विजेचा खर्च चाळीस पैसे, असे कंपनी सांगत असे.

हे आकडे वाचून गाडी खपायला हवी होती, असेच वाटते. शहरातील माणसाचा रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरच्या पलीकडे क्वचितच जातो. बंगळूरची हवा सौम्य, आणि उष्णतेने लवकर झिजणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीला ती मानवणारी. तरीही खप वर्षाला काही शेकड्यांत घुटमळत राहिला. जगभरची मिळून दहा-अकरा वर्षांतील विक्री साडेचार हजारांच्या घरात जाते.

कारणांचा विचार करताना प्रथम किंमत पाहणे भाग आहे. रेवाची किंमत अडीच ते तीन लाख रुपयांच्या दरम्यान होती. मारुती ८०० त्याहून कमी पैशांत मिळे आणि तीत कुटुंबासह गावी जाता येई. म्हणजे रेवा ‘स्वस्त’ होती ती इतर विजेच्या गाड्यांच्या तुलनेत. भारतीय ग्राहकाच्या मनात जी तुलना होती, तीत ती महाग होती. चालवण्याच्या खर्चात बचत होते हे खरे. पण तो हिशेब करून पाहावा. समजा एखादा चालक वर्षाला नऊ हजार किलोमीटर गाडी चालवी. तेव्हाच्या तीसेक रुपये लिटर पेट्रोलच्या भावाने आणि लिटरला पंधरा किलोमीटरच्या सरासरीने पेट्रोलगाडीचा खर्च किलोमीटरला दोन रुपये पडे. रेवाचे चाळीस पैसे वजा जाता वर्षाची बचत साधारण १४,४०० रुपये, तीन वर्षांची ४३,२०० रुपये. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बॅटऱ्यांचा संच बदलण्याची वेळ येई, आणि या बचतीतून तो खर्च भागवल्यावर हाती फारसे काही उरत नसे. बचत थेंबाथेंबाने मिळे, खर्च मात्र एकरकमी अंगावर येई. मध्यमवर्गीय ग्राहकाला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची धास्ती अधिक असते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

दुसरे कारण सामाजिक आहे. त्या काळच्या भारतीय घरात मोटार ही एकच असे. ती कार्यालयात न्यायची, लग्नकार्याला न्यायची, आईवडिलांना इस्पितळात न्यायची आणि दिवाळीत गावीही न्यायची. वर्षातील तीनशे दिवस ८० किलोमीटर पुरतात, या युक्तिवादाला ग्राहकाचे उत्तर असे की गाडी घेतली जाते ती उरलेल्या पासष्ट दिवसांसाठी. त्यामुळे रेवा घेणारे प्रामुख्याने असे होते ज्यांच्या दारात आधीच एक मोटार उभी होती. दुसरी गाडी घेऊ शकणाऱ्या वर्गाला स्वस्त गाडीची गरज नव्हती, आणि ज्याला स्वस्त गाडी हवी होती त्याला एकच गाडी परवडत होती. रेवाची भारतातील कोंडी या एका वाक्यात सामावते.

विजेचा प्रश्न निराळाच. रात्रभर चार्जिंगसाठी स्वतःचे वाहनतळ आणि खात्रीचा पुरवठा, दोन्ही हवेत. महाराष्ट्राचे उदाहरण घेतले तर २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबई वगळता राज्यभर भारनियमन चालू होते. जेथे पंखा केव्हा बंद पडेल याचा भरवसा नाही, तेथे सकाळी गाडी भरलेली मिळेल यावर कोणी विसंबावे? सदनिकांच्या तळघरात स्वतंत्र मीटर कोणी द्यायचा, हा वाद तर आजही पुष्कळ गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत रंगतो. आदर्श इमारत उपविधींत चार्जिंगची तरतूद आली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. तोपर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतींचे काय, हे बव्हंशी त्या त्या सभेवरच राहिले.

लंडनमधील अनपेक्षित यश

१७ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनच्या मध्यवर्ती भागात गर्दी-शुल्क लागू झाले. कामाच्या दिवशी मोटार घेऊन त्या हद्दीत शिरणाऱ्यास ५ पौंड द्यावे लागत. जुलै २००५ पासून ते ८ पौंड झाले. विजेच्या गाड्यांना सूट होती. २००४ पासून ‘गोइंगग्रीन’ या कंपनीने रेवा तेथे ‘जी-विझ’ या नावाने विकण्यास आरंभ केला. किंमत सुमारे सात-आठ हजार पौंड. वाहनकर माफ, वेस्टमिन्स्टरसारख्या भागात पार्किंगचीही सवलत.

येथे हिशेब कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरल्यास ८ पौंडांप्रमाणे गर्दी-शुल्काचेच २,००० पौंड होतात. म्हणजे सुमारे चार वर्षांत गाडीची किंमत केवळ न भरलेल्या शुल्कातून वसूल होई. पेट्रोल आणि पार्किंग यांची बचत वेगळीच. हद्दीच्या आत राहणाऱ्यांना शुल्कात नव्वद टक्के सवलत असल्याने हा लाभ मुख्यतः बाहेरून रोज आत येणाऱ्यांचा. शिवाय बंगळूरच्या चालकाला जी बचत अदृश्य वाटे, ती लंडनच्या चालकाला रोज सकाळी डोळ्यांसमोर दिसे. २०१० च्या सुमारास लंडनच्या रस्त्यांवर अशा हजारेक गाड्या होत्या. जगातील कोणत्याही एका शहरासाठी तेव्हा ही संख्या लक्षणीय होती.

या ग्राहकाकडे बहुधा दुसरी गाडी होतीच. लांबच्या प्रवासाचा प्रश्न त्याला पडत नव्हता. गाडीचे बुटके रूप हाही तेथे अडथळा ठरला नाही. काहींना तर ते मिरवावेसे वाटे. श्रीमंत माणसाने साधी गाडी वापरली तर तो त्याचा विचार मानला जातो. सामान्य माणसाने वापरली तर ती त्याची ऐपत मानली जाते.

ओहोटी

युरोपीय नियमांत जी-विझ ही मोटार नव्हतीच. ती ‘क्वाड्रिसायकल’ या वर्गात मोडे. म्हणून मोटारींना सक्तीची असलेली धडक-चाचणी तिला लागू नव्हती. स्वस्ताईचे एक कारण हेच होते, आणि हेच पुढे मुळावर आले. २००७ साली ‘टॉप गिअर’ मासिकाने ताशी ६४ किलोमीटर वेगाने तिची धडक-चाचणी करवली. ब्रिटिश परिवहन खात्यानेही चाचणी केली. निष्कर्ष चिंताजनक होते आणि धडकेची छायाचित्रे सर्वत्र गेली. शहरातील संथ वाहतुकीत हा धोका प्रत्यक्षात किती, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावा. आपल्या मुलाला मागच्या आसनावर बसवणारा पालक तो विचारीत बसत नाही. उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत सांगाडा व ब्रेक सुधारले, परंतु गेलेला विश्वास परतला नाही.

शेवटचा आघात शासकीय धोरणाचा. जानेवारी २०११ पासून ब्रिटनमध्ये विजेच्या मोटारींना ५,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू लागले. क्वाड्रिसायकल या अनुदानातून वगळलेल्या होत्या. त्याच वर्षी ‘निस्सान लीफ’ तेथे दाखल झाली. विजेच्या गाडीसाठी आखलेल्या धोरणाने सर्वांत स्वस्त विजेच्या गाडीला बाजाराबाहेर काढावे, यातील विसंगती उघड आहे. तथापि सुरक्षिततेचा निकष पाहता तो निर्णय चूक होता, असेही म्हणता येणार नाही.

‘स्वस्त’ या शब्दाचे ओझे

मे २०१० मध्ये महिंद्र आणि महिंद्र कंपनीने रेवाचा ५५.२ टक्के हिस्सा घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये वर्षाला तीस हजार गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना बंगळूरजवळ बोम्मसंद्र येथे उघडला आणि मार्च २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची ‘ई-टू-ओ’ गाडी आली. तिची दिल्लीतील किंमत अनुदान जमेस धरून ५.९६ लाख रुपये होती. केंद्राची अनुदान योजना ३१ मार्च २०१२ रोजी संपली होती आणि ‘फेम’ योजना सुरू व्हायला एप्रिल २०१५ उजाडले. मधली तीन वर्षे ग्राहक आणि उत्पादक दोघेही वाट पाहत राहिले. गाडी रेवाहून सर्वार्थाने सरस होती, पण त्या पैशांत पाच माणसांची पेट्रोलगाडी येत होती. कारखान्याची क्षमता आणि प्रत्यक्ष विक्री यांतील अंतर अखेरपर्यंत बुजले नाही.

याच दशकातील टाटांच्या ‘नॅनो’चा दाखला येथे अप्रस्तुत ठरू नये. ती पेट्रोलवर चालणारी होती, म्हणजे पल्ला, चार्जिंग किंवा बॅटरी यांपैकी कोणताही प्रश्न तिला नव्हता. तरीही २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ अशी तिची ओळख करून देणे ही चूक होती, हे रतन टाटा यांनी नंतर मान्य केले. चीनमध्ये २०२० साली आलेली ‘वुलिंग होंगगुआंग मिनी’ मात्र २८,८०० युआन या आरंभीच्या किमतीला विकली गेली आणि लक्षावधींनी खपली. तिचा पल्ला आरंभी १२० व १७० किलोमीटर, म्हणजे रेवापेक्षा फार पुढचा नव्हे. तेव्हा पल्ला कमी म्हणून स्वस्त गाडी नाकारली जाते, हे विधान सरसकट करता येत नाही.

भारतात चित्र पालटले ते निराळ्या वाटेने. जानेवारी २०२० मध्ये आलेली ‘नेक्सॉन ईव्ही’ स्वस्त नव्हती. तिची किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होई. पण ती दिसायला चारचौघांसारखी मोटार होती, पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेने प्रमाणित केलेला तिचा पल्ला ३१२ किलोमीटर होता आणि बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी होती. रेवाच्या ग्राहकाला ज्या एकरकमी खर्चाची धास्ती होती, तो या हमीने उत्पादकाच्या माथी गेला. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. आता चालवण्याच्या खर्चातील फरक किलोमीटरला रुपया-दीड रुपया नव्हे, त्याच्या कितीतरी पट होता. या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांची ‘टियागो ईव्ही’ आणि २०२३ मध्ये ७.९८ लाखांची ‘कॉमेट’ बाजारात आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कॉमेट’ ४.९९ लाख रुपयांना देऊ करण्यात आली. बॅटरीचे भाडे किलोमीटरला अडीच रुपये निराळे. किमतीतून बॅटरी वेगळी काढण्याची ही कल्पना आकर्षक असली तरी त्यात एक पेच आहे. अडीच रुपये भाडे आणि वर विजेचा खर्च धरला की पेट्रोलच्या तुलनेतील बचत बरीच आक्रसते, आणि विशेषतः जो कमी फिरतो त्याच्याच ती सोयीची. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरील ५ टक्के कर कायम राहिला, पण दोहोंतील अंतर कमी झाले. जुन्या गाडीच्या बाजारात अशा भाड्याच्या बॅटरीचे मोल कसे ठरवायचे, हा प्रश्नही उरतो. लंडनमध्ये बॅटऱ्या निकामी झालेल्या जी-विझ पुढे काही शे पौंडांत विकल्या गेल्या होत्या.