आगमनकाळ आणि वर्षाखेरचें जागरण

आश्विनी पौर्णिमेच्या रात्रीं लक्ष्मी घरोघर फिरते आणि कोण जागा आहे असें विचारते, ही समजूत महाराष्ट्रांतील आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्या प्रश्नावरूनच त्या रात्रीस कोजागरी हें नांव पडलें. जो जागा असेल त्यालाच येणारी देवता पावते, ही कल्पना कोणा एका धर्माची मिरास नव्हे. ख्रिस्ती धर्मांत तर वर्षाचा एक संबंध काळ तिच्यासाठीं राखून ठेविलेला आहे. नाताळापूर्वींच्या चार रविवारांच्या या काळास मराठी ख्रिस्ती समाजांत आगमनकाळ म्हणतात. नाताळची आरास, फराळ व भेटीगांठी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यापूर्वींचे हे आठवडे मात्र इतरांस फारसे ठाऊक नसतात. वस्तुतः त्या सणाचें मर्म या प्रतीक्षेंतच आहे. इतिहास पाहूं गेल्यास आणखीहि एक गोष्ट दिसून येते. ज्यांच्या पदरीं वाट पाहण्याखेरीज दुसरें कांहींच उरलें नव्हतें, अशा लोकांच्या हातींच ही उपासना वेळोवेळीं नवी होत आली आहे.

या प्रथेची सुरुवात कोणा एका पुरुषाच्या आज्ञेनें झाली नाहीं. ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून २५ डिसेंबरचा जुना उल्लेख रोम शहरांत इ. स. ३५४ मध्यें तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथांत सांपडतो. त्यानंतर ३८० च्या सुमारास स्पेनमधील सारागोसा येथें धर्माध्यक्षांची एक सभा भरली. १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत एकवीस दिवस कोणीहि उपासनेस गैरहजर राहूं नये, घरीं दडून बसूं नये, मळ्यांत किंवा डोंगरांत निघून जाऊं नये, असा तिनें नियम केला. पुढें पांचव्या शतकांत फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेचुअस यानें ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपास करण्याची रीत घालून दिली. रोमचा बिशप पहिला ग्रेगरी (५९० ते ६०४) याच्या काळापासून तिकडे चार रविवारांची वहिवाट रूढ होत गेली. मिलान शहराच्या प्राचीन पद्धतींत मात्र आगमनकाळ अद्यापहि सहा आठवड्यांचा असतो.

या काळाचा भाव दुहेरी आहे. बेथलेहेम येथें एकदां झालेल्या जन्माचें स्मरण हा त्याचा एक भाग. आणि जगाचा न्याय करण्यासाठीं प्रभु पुन्हां येणार आहे, त्याच्या स्वागताची तयारी हा दुसरा. म्हणून या आठवड्यांत आनंदाबरोबर अनुतापहि असतो. वेदीवरील वस्त्रें जांभळ्या रंगाचीं होतात, आणि रोमच्या पद्धतींत रविवारच्या उपासनेंतील देवदूतांचें महिमागीत गाळलें जातें, तें नाताळच्या रात्रींच पुन्हां उमटतें. वाचनें मुख्यतः यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील असतात. पारतंत्र्यांत खितपत पडलेल्या इस्राएल लोकांचें सांत्वन करणारीं तीं वचनें होत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत तर नाताळापूर्वीं चाळीस दिवसांचा उपास पाळतात.

शेवटच्या आठवड्यांत ही उत्कंठा शिगेस पोंचते. १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळीं, मरियेच्या स्तोत्राच्या आधीं व नंतर, प्रत्येक दिवसाचें एक याप्रमाणें सात प्राचीन आवाहनें गातात. प्रत्येकांत येणाऱ्या प्रभूस एका निराळ्या नांवानें हांक मारिलेली असते: ज्ञान, स्वामी, इशायाचें मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटीं इम्मानुएल. प्रत्येक आवाहनाच्या अखेरीस ‘ये’ अशी विनवणी असते. या लॅटिन नांवांचीं आद्याक्षरें शेवटाकडून आरंभाकडे वाचलीं असतां ‘उद्यां मी येईन’ अशा अर्थाचे दोन शब्द तयार होतात. सात दिवस मारिलेल्या हांकेचें उत्तर हांकेंतच दडलेलें असतें, असें भाविक समजतात.

प्रतीक्षेचा हा विषय मराठींतहि फार पूर्वीं उतरला आहे. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्यें गोव्यास आले आणि १६१९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेथेंच राहिले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणें तर सुटलीं होतीं, पण पुराणश्रवणाची गोडी सुटली नव्हती. त्यांच्यासाठीं स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्याचे दोन खंड आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याविषयींच्या भविष्यवाण्यांपर्यंतची कथा पहिल्यांत आहे, आणि ख्रिस्ताचें चरित्र दुसऱ्यांत. म्हणजे ग्रंथाचा छत्तीस अध्यायांचा पहिला भाग एका अर्थीं सबंध वाट पाहण्याचाच इतिहास आहे. नायकाच्या जन्मापूर्वीं एवढी दीर्घ कथा कां, असा प्रश्न वाचकास पडल्यास त्याचें उत्तर आगमनकाळाच्या उपासनेंत मिळतें: जो येणार त्याची उणीव आधीं जाणवल्यावांचून त्याच्या येण्याचें मोल कळत नाहीं.

आतांपर्यंत सांगितलेल्या रीती बिशप, मठवासी आणि विद्वान पाद्री यांच्या होत. अठराव्या शतकांत इंग्लंडच्या ब्रिस्टल शहराजवळील किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांनीं या जागरणास निराळेंच वळण दिलें. शनिवारची रात्र गुत्त्यांत घालविणें हा त्यांचा जुना परिपाठ होता. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या उपदेशानें त्यांचें मन पालटलें, आणि तीच रात्र ते प्रार्थनेंत व गायनांत घालवूं लागले. ही बातमी पसरतांच कांहीं प्रतिष्ठित मंडळींनीं ही रात्रीची गडबड बंद करावी असा वेस्लींस सल्ला दिला. वेस्लींनीं विचार केला कीं आरंभींचे ख्रिस्ती लोकहि अशीं जागरणें करीत असत. मग मनाई कोणत्या तोंडानें करावी? उलट १७४२ च्या सुमारास त्यांनीं या प्रथेस नियमित रूप दिलें. जागरणासाठीं त्यांनीं पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार निवडला, कारण मध्यरात्रीनंतर दूरदूरच्या खोपटांकडे परतणाऱ्या माणसांस वाटेनें चांदण्याचा उजेड मिळावा. रात्रीं साडेआठाच्या सुमारास उपासना सुरू होई आणि मध्यरात्र टळल्यावर संपे.

पुढें दर महिन्याचें हें जागरण मागें पडलें आणि ३१ डिसेंबरची रात्र तेवढी त्यासाठीं राहिली. वेस्लींनीं आणखीहि एक उपासना घालून दिली. ११ ऑगस्ट १७५५ रोजीं लंडनमधील स्पिटलफील्ड्स भागांत सुमारें अठराशें लोक एकाच वेळीं उभे राहिले आणि त्यांनीं आपलें जीवन ईश्वरास पुन्हां वाहून घेतल्याचा करार उच्चारला. या कराराच्या उपासनेसाठींहि कालांतरानें नव्या वर्षाचा आरंभ हाच योग्य समय ठरला. दिवाळींत व्यापारी जुनी वही मिटून नवी उघडतो, त्याप्रमाणेंच हा व्यवहार होता. पण येथें खातें स्वतःच्या अंतःकरणाचें होतें.

खाणकामगारांनीं वर्षाखेरीस जें केलें, तें आगमनकाळासाठीं जर्मनींत निराधार मुलांच्या एका घरानें केलें. हॅम्बुर्ग बंदरांत त्या काळीं दारिद्र्य फार माजलें होतें. योहान हिन्रिक विखर्न या पंचवीस वर्षांच्या धर्मशिक्षकानें १८३३ मध्यें शहराबाहेर एका जुन्या घरांत उनाड व अनाथ ठरलेल्या मुलांसाठीं आश्रम काढला. नाताळ किती दिवसांवर आला, असें तीं मुलें त्यास रोज विचारीत, अशी कथा सांगतात. ज्या मुलांस आयुष्यांत कोणी दिलेलें वचन पाळल्याचा अनुभव नाहीं, त्यांचा हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. १८३९ च्या आगमनकाळांत विखर्न यानें लांकडाचें एक चाक टांगविलें आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या व वीस लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. रोज सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं एक नवी मेणबत्ती लावावी, आणि रविवारीं मोठी. त्या वर्षीं १ डिसेंबरला रविवार होता. त्यामुळें २४ तारखेपर्यंत चोवीस ज्योति बरोबर पुऱ्या झाल्या. अंधार दररोज वाढत जाण्याच्या त्या उत्तरेकडील ऋतूंत उजेड मात्र दररोज एका ज्योतीनें वाढत गेला. आज जगभर चर्चमधून चार मेणबत्त्यांचें जें हिरवें कडें दिसतें, त्याचें मूळ या अनाथांच्या चाकांत आहे.

वर्षाखेरच्या जागरणास सर्वांत गंभीर प्रसंग मात्र अमेरिकेंत आला. तेथील दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांना वर्षाच्या करारानें भाड्यानें देण्याची रीत होती, आणि हे करार बहुधा १ जानेवारीस होत. कर्ज फेडण्यासाठीं माणसें विकण्याचाहि हाच हंगाम. त्यामुळें ३१ डिसेंबरची रात्र म्हणजे अनेक आयांना आपल्या लेकरांबरोबरची अखेरची रात्र वाटे. अंतर्यादवी चालू असतां अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनीं २२ सप्टेंबर १८६२ रोजीं जाहीर केलें कीं, बंडखोर संस्थानांतील सर्व गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त समजले जातील. मध्यंतरींचे शंभर दिवस हाहि एक आगमनकाळच होता. वचन मिळालें होतें, पण तें पाळलें जाईल कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. ३१ डिसेंबरच्या रात्रीं काळ्या लोकांच्या मंडळ्या ठिकठिकाणीं प्रार्थनेस जमल्या आणि नव्या वर्षाची वाट पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीं, १ जानेवारीस, बोस्टन शहरांतील ट्रेमाँट टेंपल या सभागृहांत मोठा समुदाय तारेची वाट पाहत बसला होता. स्वतः गुलामगिरींतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस त्यांत होते. सायंकाळ गेली, आठ वाजले, नऊ वाजले, तरी वार्ता नाहीं. लोकांच्या मनांत संशय शिरूं लागला. दहाच्या सुमारास वार्ता तारेवरून येत असल्याचें ओरडत एक मनुष्य गर्दींतून धांवत आला, आणि सभागृहांत अश्रु व जयघोष एकच झाले. हा समुदाय नंतर एका चर्चमध्यें गेला आणि पहांटेपर्यंत तेथें जागा राहिला. या जाहीरनाम्यानें सर्व गुलाम एका रात्रींत सुटले नाहींत. संपूर्ण मुक्ततेचा कायदा राज्यघटनेंत यावयास डिसेंबर १८६५ उजाडावा लागला. तथापि अमेरिकेंतील काळ्या ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांतून ३१ डिसेंबरचें जागरण त्या रात्रीचें स्मरण म्हणून आजहि होतें.

विसाव्या शतकांत असाच प्रसंग मृतांच्या शोकानें आणिला. पहिलें महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्यें थांबलें. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजचे डीन एरिक मिल्नर-व्हाइट हे युद्धांत सैन्याचे धर्मोपदेशक होते; तेव्हां त्यांचें वय चौतीस वर्षांचें होतें. ज्यांचीं मुलें परत आलीं नाहींत अशा लोकांसमोर नेहमींच्या ठराविक शब्दांनीं नाताळ साजरा करणें त्यांस अपुरें वाटलें. १८८० मध्यें ट्रुरो येथें बिशप बेन्सन यांनीं नाताळच्या आदल्या रात्रीं नऊ शास्त्रपाठ व गीतें यांची उपासना योजिली होती. मिल्नर-व्हाइट यांनीं तीच घेऊन २४ डिसेंबर १९१८ रोजीं किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांत सुरू केली आणि तिच्या आरंभीं स्वतः रचलेली एक प्रार्थना घातली. गरीब, भुकेले, आजारी व शोकग्रस्त यांच्याबरोबरच, परलोकीं गेलेल्या आप्तांचेंहि तींत स्मरण आहे. त्यानंतर एदेन बागेंतील पतनापासून योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभापर्यंत नऊ पाठ वाचले जातात. स्टीफन्स यांनीं दोन पुराणांत मांडलेला पट येथें सुमारें दीड तासांत उलगडतो.

१९२८ मध्यें ही उपासना प्रथम नभोवाणीवरून ऐकविण्यांत आली, आणि १९३० चें एक वर्ष वगळतां तेव्हांपासून दरवर्षीं ऐकविली जाते. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भयानें मंदिराच्या खिडक्यांतील जुन्या रंगीत कांचा काढून ठेविल्या होत्या, आंत ऊब नव्हती, आणि शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून स्थळाचें नांव उच्चारलें जात नसे. तरी प्रार्थना चालू राहिली. घरापासून दूर असलेल्या सैनिकांस आणि एकट्यानें घर सांभाळणाऱ्या वृद्धांस ती ध्वनिलहरींतून पोंचली. किंग्जवुडच्या मजुरांना एकत्र येण्यासाठीं चंद्रप्रकाशाची गरज होती. येथें अंधाऱ्या केलेल्या शहरांतील माणसें एकमेकांस न पाहतांच एकत्र आलीं.

तात्पर्य, आगमनकाळ व वर्षाखेर यांची उपासना केवळ सणाची पूर्वतयारी नव्हे. तिचा आरंभ धर्मसभांच्या नियमांनीं झाला हें खरें. पण तिच्यांत प्राण ओतला तो खाणींतील मजुरांनीं, आश्रमांतील पोरांनीं, गुलामांनीं आणि पुत्रशोक झालेल्या मातापित्यांनीं. पोट भरलेल्यास प्रतीक्षा हा एक विधि वाटतो. उणें असलेल्यास ती रोजचीच ओळखीची असते.

आजहि मुंबई, पुणें येथील अनेक चर्चमधून ३१ डिसेंबरच्या रात्रीं लोक जमतात. सरत्या वर्षाबद्दल उपकार मानतात, चुकांची क्षमा मागतात, वर्षभरांत निवर्तलेल्यांचें स्मरण करितात. बारा वाजण्याच्या सुमारास बाहेर फटाक्यांचा आवाज वाढूं लागतो, त्या वेळीं पुष्कळ ठिकाणीं आंत मंडळी गुडघे टेंकून स्तब्ध असते. मग घंटा होते, हातांत हात दिले जातात, आणि लेंकरांस खांद्यावर घेऊन माणसें घराकडे वळतात. कारण त्यांतील कित्येकांस सकाळीं कामावर जावयाचें असतें.