डार्विनचा हात आणि सेंट हेलेनाचा विमानतळ

सेंट हेलेना म्हटलं की आपल्याला नेपोलियन आठवतो. १८१५ मध्ये इंग्रजांनी त्याला तिथे ठेवलं, कारण तिथून पळणं जवळपास अशक्य. दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर आहे. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. पुढची दोनशे वर्षं तिथे जायला जहाज हाच मार्ग होता. अगदी आपल्या काळातही केपटाऊनहून पाच-सहा दिवस लागायचे!

मग ब्रिटिश सरकारने २८.५ कोटी पौंडांचा विमानतळ बांधायला घेतला. सपाट जागा कमी, म्हणून एक अख्खी दरी खडकांनी भरली. उद्घाटन ठरलं मे २०१६ मध्ये. एप्रिलमध्ये बोइंग ७३७ चाचणीसाठी आलं आणि तिसऱ्या प्रयत्नात कसंबसं उतरलं. कारण विंड शिअर, म्हणजे थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलणं. उद्घाटन लांबलं आणि पेपरवाल्यांनी नाव ठेवलं, ‘जगातला सगळ्यात निरुपयोगी विमानतळ’.

आता गंमत ऐका. बरोबर १८० वर्षं आधी, जुलै १८३६ मध्ये, ‘बीगल’ जहाजावरून डार्विन इथे आला होता. हजारेक फूट उंच कड्याच्या टोकाशी उभा असताना त्याच्याभोवती हवा शांत होती. त्याने नुसता हात पुढे केला आणि हाताला जोराचा वारा लागला! शांत हवा आणि सोसाटा यांच्यामध्ये दोन-तीन पावलांचं अंतर. हे त्याने प्रवासवर्णनात लिहूनही ठेवलं.

मी सॉफ्टवेअरवाला. खरी टेस्टिंग सगळं बांधून झाल्यावर, ही चूक आम्हीही करतो. त्यामुळे हसू आलं, पण जरा ओशाळल्यासारखंही झालं.

पण ‘निरुपयोगी’ म्हणणं मला पटत नाही. १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून एअरलिंकचं छोटं एम्ब्रेअर विमान प्रवासी घेऊन उतरलं. वाऱ्याशी भांडण्यापेक्षा विमान बदललं, सगळ्या सीट भरायच्या नाहीत असं ठरवलं, झालं! त्याआधीच गंभीर रुग्णांना नेणारी विमानं इथून उडू लागली होती. ज्याच्या घरचं माणूस आजारी आहे, त्याला विचारा पाच दिवस आणि काही तास यांतला फरक. हिशेब लंडनमध्ये बसून केला तर आतबट्ट्याचा वाटेल. बेटावर उभं राहून केला तर वेगळाच निघतो.

तुम्हाला काय वाटतं? नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!