तंतुकणिका आणि उतारवयातील मधुमेह : एका संशोधनविचाराचा इतिहास

अन्नघटकांतून ऊर्जा मुक्त करणाऱ्या पेशीतील सूक्ष्म अंगकांना कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले. धागा आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड असल्याने मराठीत त्यांना ‘तंतुकणिका’ म्हटले जाते. त्यांच्यात स्वतंत्र डीएनए असतो, हे मार्गिट आणि सिल्व्हान नास यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणपेशींत दाखवले आणि १९८१ मध्ये केंब्रिज येथे मानवी तंतुकणिकेतील १६,५६९ आधारकजोड्यांचा क्रम पूर्ण लावला गेला, तेव्हा त्यांत अवघी ३७ जनुके निघाली. तंतुकणिकेला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांवरून तयार होत असल्यामुळे या दोन जनुकसंचांचा मेळ राखावा लागतो. कोणते जनुक केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत व्हावे, हे ठरवणाऱ्या या व्यवस्थेला जनुक-नियमन म्हणतात.

तंतुकणिकांचा मधुमेहाशी असलेला संबंध प्रथम उघड झाला तो जनुकातील बिघाडातून. मधुमेह आणि बहिरेपणा ही जोडी केवळ आईकडून संततीकडे जाणाऱ्या एका कुटुंबात, तंतुकणिकेच्या डीएनएतील ३२४३ व्या स्थानी एकाच आधारकाचा बदल झाल्याचे १९९२ मध्ये डच संशोधकांना आढळले. स्वादुपिंडातील बीटा पेशी ग्लुकोज वाढल्याची खूण तंतुकणिकेत तयार होणाऱ्या एटीपी या ऊर्जारेणूवरून ओळखून इन्सुलिन सोडतात, म्हणून तो बिघाड त्यांना भोवतो. तथापि उतारवयात मधुमेह जडलेल्या बहुसंख्य रुग्णांत असा बदल नसतो.

त्यामुळे लक्ष नियमनाकडे वळले. उंदरांच्या तपकिरी चरबीत थंडीमुळे वाढणारे, तंतुकणिकांच्या अनेक जनुकांना एकत्र चालना देणारे पीजीसी-१ हे प्रथिन ब्रूस स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये शोधले होते. २००३ मध्ये वामसी मूथा आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले, तेव्हा एकेका जनुकात ठळक फरक दिसेना. परंतु ऊर्जानिर्मितीची जनुके संच म्हणून एकत्र मोजताच मधुमेहींमध्ये त्यांची पातळी सुमारे २० टक्क्यांनी घटलेली निघाली. त्याच वर्षी येल विद्यापीठातील अभ्यासात, सडपातळ आणि निरोगी वृद्धांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची कार्यक्षमता तरुणांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी भरली, आणि इन्सुलिनला त्यांच्या स्नायूंचा प्रतिसादही मंद होता, म्हणजेच त्यांच्यात इन्सुलिनरोध होता.

ही घट मधुमेहाचे कारण की परिणाम, हा वाद मात्र या अभ्यासांनीही मिटला नाही. के. श्रीकुमारन नायर यांच्या २००८ मधील तुलनेत भारतीय वंशाच्या व्यक्तींमध्ये इन्सुलिनरोध तीव्र असूनही त्यांच्या तंतुकणिका उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा अधिक सक्षम आढळल्या. म्हणजे बिघडलेल्या जनुकापासून मंदावलेल्या नियमनापर्यंत आलेला हा विचार साऱ्या समाजांना एकाच मापाने लागू पडत नाही. व्यायामाने स्नायूंतील पीजीसी-१ वाढते, हे ज्ञात असले तरी वय, वंश आणि राहणी यांचा तंतुकणिकांच्या कार्यक्षमतेतील वाटा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.