परिसंस्था पुनर्स्थापना व आक्रमक प्रजाती परिषदा

परिसंस्था पुनर्स्थापना व आक्रमक प्रजाती परिषदा म्हणजे ऱ्हास पावलेली वने, गवताळ प्रदेश, पाणथळी व नद्या पूर्वस्थितीकडे नेण्याच्या आणि परक्या प्रदेशातून येऊन स्थानिक जीवसृष्टीला बाधक ठरलेल्या जातींना आवर घालण्याच्या कामात गुंतलेल्या शास्त्रज्ञांची, वनाधिकाऱ्यांची व कार्यकर्त्यांची नियतकालिक संमेलने होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन विषयांच्या परिषदा स्वतंत्रपणे सुरू झाल्या. प्रत्यक्ष भूमीवर मात्र ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत. तण उपटून जमीन मोकळी सोडली, तर तेच तण किंवा त्याचा दुसरा भाऊबंद पुन्हा तेथे येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामुळे पुढे दोन्ही परिषदांचे विषय एकमेकांत मिसळत गेले.

पूर्वपीठिका

पुनर्स्थापनेच्या आधुनिक इतिहासात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वृक्षोद्यानाला मानाचे स्थान आहे. १९३४ मध्ये या उद्यानाच्या समर्पण समारंभात अल्डो लिओपोल्ड यांनी भाषण केले. त्यानंतरच्या वर्षांत जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी गवताळ प्रदेश नव्याने उभारण्यास आरंभ झाला. मंदीच्या काळात सरकारी योजनेवर आलेल्या बेरोजगार तरुणांनी त्याची लागवड केली. आज तो कर्टिस प्रेअरी या नावाने ओळखला जातो. त्याच उद्यानातून १९८१ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी पुनर्स्थापनेला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि विखुरलेल्या कार्यकर्त्यांना परस्परांची ओळख झाली.

जानेवारी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन बर्गर यांच्या पुढाकाराने एक मोठी परिषद भरली. त्याच वर्षी ‘सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन’ ही संस्था स्थापन झाली व १९८९ मध्ये ओकलंड येथे तिची पहिली वार्षिक परिषद झाली. सभासदांत प्राध्यापकांइतकेच रोपवाटिका चालवणारे, अभियंते व हौशी निसर्गप्रेमीही असल्याने ‘पुनर्स्थापना म्हणजे नेमके काय’ हा वाद प्रारंभापासून रंगला. संस्थेने २००२ मध्ये दिलेली व्याख्या आज सर्वाधिक मान्य आहे. तिच्यानुसार अवनत, क्षतिग्रस्त वा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरण्यास साहाय्य करण्याची प्रक्रिया म्हणजे पुनर्स्थापना. सावरण्याचे काम निसर्गाचे व साहाय्य माणसाचे, हा या व्याख्येचा गाभा आहे. केवळ झाडे लावणे म्हणजे पुनर्स्थापना नव्हे, हेही त्यातून निघते.

जागतिक परिषदा

या संस्थेची पहिली जागतिक परिषद २००५ मध्ये स्पेनमधील सारागोसा येथे झाली. त्यानंतर सामान्यतः दर दोन वर्षांनी पर्थ, मेरिदा, मॅडिसन, मँचेस्टर, फोज दो इग्वासू, केपटाउन, डार्विन व डेन्व्हर अशा ठिकाणी ती भरत आली आहे. २०२१ ची परिषद महासाथीमुळे दूरदृश्य माध्यमातून घ्यावी लागली. शोधनिबंधांचे वाचन, भित्तिपत्रके व कार्यशाळा यांखेरीज क्षेत्रभेट हे या परिषदांचे महत्त्वाचे अंग होय. यजमान प्रदेशातील यशस्वी व फसलेले असे दोन्ही प्रयोग पाहुण्यांना दाखवले जातात, तेव्हा सभागृहातील आकडेवारीपेक्षा अधिक काही हाती लागते.

केपटाउन, २०१९

सप्टेंबर २०१९ मधील केपटाउनची परिषद या दोन्ही विषयांच्या संगमाचे उत्तम उदाहरण आहे. तीव्र दुष्काळामुळे २०१८ मध्ये या शहराचे नळ बंद पडण्याची वेळ आली होती. तो ‘शून्य दिवस’ अखेर टळला, पण पाणी जाते कुठे हा प्रश्न ऐरणीवर आला. शहराच्या पाणलोट क्षेत्रातील डोंगरांवर फाइनबॉस नावाची खुरट्या झुडपांची वनस्पतिसृष्टी आहे. केपच्या या पुष्पप्रदेशात सुमारे ९,००० वनस्पतिजाती असून त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक जगात अन्यत्र आढळत नाहीत. लाकडासाठी व वाळू थोपवण्यासाठी आणलेले पाइन, तसेच ऑस्ट्रेलियातील बाभळीच्या कुळातील वृक्ष व हाकिया या डोंगरांवर पसरले. उंच वाढणारी ही सदाहरित झाडे फाइनबॉसपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषतात. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या केपटाउन जलनिधीच्या अंदाजानुसार त्यांच्यामुळे दरवर्षी सुमारे ५५ अब्ज लिटर पाणी कमी मिळते.

हे ज्ञान एका जुन्या परिषदेतूनच उगम पावले आहे. १९३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्याची वनविषयक परिषद भरली होती. लावलेल्या वनांमुळे ओढे आटतात अशी शेतकऱ्यांची तक्रार होती, तर वनखात्यातील अनेकांना ती मान्य नव्हती. वादाचा निकाल प्रयोगाने लावावा असे ठरून यॉन्कर्सहुक येथे ओढ्यांचे प्रवाह मोजण्याचे दीर्घकालीन काम सुरू झाले आणि काही दशकांच्या मोजणीअंती शेतकऱ्यांची बाजू खरी ठरली. या आधारावर १९९५ मध्ये जलखात्याचे मंत्री कादर अस्मल यांच्या काळात ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम सुरू झाला. परक्या वृक्षांची तोड करण्यासाठी बेरोजगारांना, त्यातही विशेषतः स्त्रियांना, रोजगार देण्यात आला. आपल्याकडील रोजगार हमी योजनेची आठवण व्हावी असाच हा उपक्रम आहे. त्याच्या मर्यादाही नोंदल्या गेल्या आहेत. तोडलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा फिरून नवी रोपे काढली नाहीत तर सारा खर्च वाया जातो. आणि नेमका हा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा निधी सर्वत्र अपुरा पडतो.

केपटाउन परिषदेच्याच महिन्यात संस्थेने पुनर्स्थापनेच्या आंतरराष्ट्रीय मानकांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात आठ तत्त्वे असून प्रगती मोजण्यासाठी पाच ताऱ्यांची श्रेणी सुचवली आहे.

आक्रमक प्रजातींवरील परिषदा

या विषयाचा पाया चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ च्या ग्रंथाने घातला असे मानतात. परिषदांत जुनी परंपरा तणांच्या जैविक नियंत्रणावरील आंतरराष्ट्रीय परिसंवादाची असून त्याचे पहिले अधिवेशन १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील डेलेमाँ येथे झाले. परक्या वनस्पतींच्या आक्रमणावरील परिषदमाला १९९२ मध्ये इंग्लंडमधील लफबरो येथून सुरू झाली.

‘परकी’ व ‘आक्रमक’ हे शब्द समानार्थी नाहीत. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सारे परकेच. परंतु ते शेताबाहेर जाऊन रान व्यापत नाहीत. या भेदावरून २०११ मध्ये मोठा वाद झाला. मार्क डेव्हिस व अन्य १८ शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिले, की एखाद्या जातीचे मूल्यमापन तिच्या मूळ स्थानावरून न करता तिच्या परिणामांवरून करावे. डॅनियल सिम्बरलॉफ यांच्यासह १४१ जणांनी त्याला उत्तर दिले. आपण सरसकट सर्व परक्या जातींना विरोध करत नाही, मात्र काही जातींचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसतात, त्यामुळे आरंभीची सावधगिरी सोडता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढील अनेक परिषदांत हा वाद निरनिराळ्या रूपांत उमटत राहिला. २०२३ मध्ये बॉन येथे जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंचाने मान्य केलेल्या अहवालानुसार जगात ३७,००० हून अधिक परक्या जाती स्थिरावल्या असून त्यांतील सुमारे ३,५०० जाती घातक आहेत.

भारत

वरील जागतिक पुनर्स्थापना परिषदांच्या स्थळांत भारत नाही. आक्रमक वनस्पतींच्या बाबतीत मात्र भारताचा अनुभव मोठा आहे. रंगासाठी उपयोगी कीटक समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेल्या एका कीटकाने फड्या निवडुंगाची एक जात उत्तर व मध्य भारतातून जवळजवळ नाहीशी केली. तणाच्या जैविक नियंत्रणाचे जगातील हे आरंभीचे उदाहरण निव्वळ चुकीतून घडले.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली परिषद गाजर गवताची आहे. ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती १९५५ मध्ये पुण्यात आढळली व १९५६ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध झाली. ‘पी. एल. ४८०’ योजनेतील अमेरिकन गव्हाबरोबर ती आली असा समज रूढ असून ‘काँग्रेस गवत’ हे नाव अनेक जण त्याच्याशी जोडतात. तथापि त्या योजनेचा भारताशी करार ऑगस्ट १९५६ चा आहे, त्यामुळे ही उपपत्ती तशीच्या तशी स्वीकारता येत नाही. एका झाडापासून दहा ते पंचवीस हजार बिया तयार होतात. स्पर्शाने त्वचादाह होतो व परागकणांमुळे श्वसनाचे विकार बळावतात. शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रियांना याचा त्रास सर्वाधिक होतो.

या तणावर उपाय म्हणून मेक्सिकोतून १९८३ मध्ये एक भुंगा बंगळूरला आणण्यात आला व १९८४ मध्ये शेतात सोडण्यात आला. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले, तेव्हा खळबळ उडाली आणि शासनाला तज्ज्ञसमिती नेमावी लागली. सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले असल्यास भुंगे ती पाने कुरतडतात, असे संशोधनात आढळले. ऑक्टोबर १९९७ मध्ये धारवाडच्या कृषी विद्यापीठात गाजर गवत व्यवस्थापनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती याच दशकात. दुसरी परिषद डिसेंबर २००५ मध्ये बंगळूरला झाली.

वनक्षेत्रात घाणेरीचा उपद्रव गंभीर आहे. भारतातील व्याघ्रक्षेत्राचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तिने व्यापल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट अभयारण्यात विकसित केलेल्या पद्धतीत घाणेरीचे मूळ जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खालून तोडतात, झुडूप उलटे करून ठेवतात आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवते लावतात. जाळून वा वरवर छाटून घाणेरी अधिकच फोफावते.

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. पावसाळ्यात माती ओली असल्याने झाड मुळासकट निघते आणि फुलोऱ्यापूर्वी उपटल्यास बी पडत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचे, म्हणजे विदर्भातील तरोट्याचे, बी टाकतात. टाकळा दाट वाढून गाजर गवताची रोपे दडपून टाकतो, शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते.