बुलेटचा इतिहास रेडिचमध्ये शोधायचा की गिरडमध्ये?

पीएच.डी.चं प्रपोजल लिहायला बसलं की बहुतेकांचा हात एकाच दिशेने जातो. विषय यंत्राचा असेल तर पहिलं प्रकरण ठरलेलं: शोध कोणी लावला, कारखाना कुठे निघाला, पहिलं मॉडेल कधी आलं. गाईडही सहसा हरकत घेत नाहीत. माझी हरकत आहे, आणि ती का आहे ते एक उदाहरण घेऊन सांगतो. समजा तुमचा विषय आहे ‘विदर्भातील जुनी ब्रिटिश मोटारसायकल’. म्हणजे व्यवहारात बुलेट.

कारखान्याचा इतिहास एका परिच्छेदात संपतो, तेव्हा तो संपवूनच टाकू. इंग्लंडमधल्या रेडिच गावातल्या रॉयल एनफील्ड कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ची. ‘बुलेट’ हे नाव १९३२मध्ये आलं. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो, ती मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि हायड्रॉलिक शॉकअब्सॉर्बर असलेली ३५० सीसीची गाडी १९४८-४९ची. भारतीय लष्कराने ती पसंत केली. १९५५मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग आणून जोडणी व्हायची, मग १९५७च्या सुमारास भाग तयार करण्याची यंत्रसामग्रीच मद्रासला आली. रेडिचचा कारखाना १९६७मध्ये बंद पडला, इंग्लंडमधलं उरलंसुरलं उत्पादन १९७०मध्ये थांबलं. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली, आणि १९७७पासून ती उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. बिडाच्या सिलिंडरचं ते जुनं इंजिन भारतात २०१०च्या आसपास उत्सर्जनाच्या नव्या नियमांमुळे बंद झालं.

हे सगळं खरं आहे, पण यात गाडी चालवणारं माणूस एकही नाही. शिवाय या मांडणीत एक गंमत लपलेली आहे. रेडिचकडून बघितलं तर ही १९४९ची गाडी आहे आणि पुढचा सगळा काळ म्हणजे नुसतं ‘टिकून राहणं’. रस्त्यावरून बघितलं तर भारतात १९४९मध्ये ती जवळजवळ कोणाकडेच नव्हती, आणि तिची खरी वर्षं नंतरची आहेत. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ हे २००६चं पुस्तक नेमकं याच सवयीवर बोट ठेवतं. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेने नव्हे तर वापराने लिहा, असं तो सांगतो. वापर आला की देखभाल आली, आणि देखभाल म्हटलं की मिस्त्री, पाना, तेल, हवामान असं सगळंच आलं. भारतापुरतं वाचायचं असेल तर डेव्हिड अर्नोल्डचं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) घ्या. त्यात सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भात गिरणी आहे. मोटारसायकलवर काम करायला जागा भरपूर शिल्लक आहे.

म्हणून प्रश्न बदलू. ‘बुलेट भारतात कशी आली’ हा नको. ‘गिरडसारख्या गावात ती बाराही महिने चालती कोणी आणि कशी ठेवली’ हा घेऊ.

गिरड हे वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, उमरेड-हिंगणघाट भागातलं गाव. टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे सगळ्या विदर्भाला माहीत. भोवती दख्खनच्या काळ्या पाषाणावरची काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन. मी हे गाव निवडतो ते वर्षाच्या टोकांमुळे. रेडिचच्या इंजिनिअरने ज्या हवेसाठी इंजिन काढलं, ती हवा इथे वर्षातले फार थोडे दिवस असते.

मी मुळात भौतिकशास्त्राचा, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. हे इंजिन हवेने थंड होतं. सिलिंडरच्या फिन्समधून बाहेर जाणारी उष्णता फिन्स आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. फिन्सचं तापमान ढोबळमानाने १५० अंश धरा. इंग्लंडमधल्या २० अंशांच्या दिवशी हा फरक १३० अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे ४६ अंशांच्या दुपारी तो १०४. म्हणजे थंड होण्याची क्षमता सरळ २० टक्क्यांनी घटली. वर गरम हवा विरळ असते, २० अंशांच्या तुलनेत जवळपास ८ टक्के. त्यामुळे फिन्सना लागणारा वारा आणखी कमकुवत, आणि कार्बोरेटरमधलं मिक्श्चर थोडं रिच. आता त्यात नवी भर ई-२० पेट्रोलची. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून जुन्याच जेटवर मिक्श्चर ७-८ टक्के लीन होतं आणि लीन म्हणजे इंजिन अजून गरम. जुने रबरी वायसर आणि टाकीतला गंज हा वेगळाच ताप. म्हणजे उन्हाळा मिक्श्चर एका बाजूला ओढतो आणि पेट्रोल दुसऱ्या बाजूला. कोणता जेट टाकायचा हे या दोन्हींच्या मधलं कुठेतरी, आणि ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. कसं असेल? मॅन्युअल लिहिणाऱ्याला यातलं एकही माहीत नव्हतं.

टॅपेटचंही तसंच. या इंजिनाचं टॅपेट फीलर गेजने नाही, बोटांनी बसवतात. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आता मे महिन्यात दुपारी दोनला ‘थंड इंजिन’ म्हणजे काय? सावलीत रात्रभर उभी ठेवली तरी दुपारी ती चाळिशीच्या वरच. म्हणून जाणता मिस्त्री गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतो आणि टॅपेटला पहाटे हात लावतो. ही अट तुम्हाला कोणत्याही सर्व्हिस बुकात सापडणार नाही, पण माझ्या लेखी हे संशोधनाचं साहित्य आहे. एक यंत्र नव्या हवेत कसं रुजलं याचा पुरावा असाच सवयींमध्ये असतो.

मग पावसाळा. इंग्लंडमधले जुन्या मोटारसायकलींचे हौशी मालक हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात, कारण बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाने लोखंड खातं. आपल्याकडे झाकून ठेवायचा ऋतू कोणता म्हणाल तर पावसाळा. पॉइंटवर ओल आली की ठिणगी गेली. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिली दोन-चार वळणं देवाच्या भरवशावर. पांदण रस्त्यावरची काळी माती पाणी पिऊन फुगते (तिच्यातलं स्मेक्टाइट हे चिकणमातीचं खनिज याला कारणीभूत), टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसते आणि चाक फिरणं बंद. काडीने खरवडायचं, शंभर पावलं जायचं, परत खरवडायचं. पण झाकून ठेवायची सोय कोणाला? बियाणं, खत, फवारणीचं औषध आणायला हिंगणघाट किंवा समुद्रपूर गाठायचं असतं ते नेमकं जून ते सप्टेंबरमध्येच. ‘वर्षभर चालवणं’ ही इंग्लंडमध्ये हौशीची परीक्षा आहे. गिरडमध्ये ती शेतीच्या वेळापत्रकाने घातलेली अट आहे. हा फरक माझ्या मते अख्ख्या प्रबंधाला पुरेल.

हिवाळ्याचं थोडक्यात: पारा दहाच्या खाली गेला की जाड तेल ताठ होतं आणि किक जड जाते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर केसमधल्या टाकीतलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं आणि सुरू करताच सायलेन्सरमधून पांढरा धूर. नवखा घाबरतो, जुना मालक चहा घेतो.

आता वाचण्याजोगी सगळ्यात चांगली कागदपत्रं कोणती, तर माझं उत्तर आहे गाडीचे नटबोल्ट. हसू नका. जुन्या बुलेटचे आटे इंच मापाचे, ब्रिटिश पद्धतीचे. भारताने १९५६मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला तरी मद्रासची गाडी कित्येक दशकं हे आटे सोबत घेऊन चालली. गावातले मिस्त्री अजूनही ‘सुता’त बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. आता बघा, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. शेजारच्या दुकानात मिळतो ८ मिमीचा बोल्ट. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण सायकल-थ्रेडच्या बोल्टवर इंचाला २६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.९८ मिमी. मेट्रिक बोल्टचं १.२५. दोन फेरे सुरळीत जातात, तिसऱ्याला जोर लागतो आणि चौथ्याला आटे फाटतात. मग भोक मोठं करून नवे आटे पाडायचे किंवा आत बुश बसवायची. इंजिनच्या एका कव्हरवर तुम्हाला तीन जातींचे बोल्ट दिसले, तर तुमच्यासमोर तीन काळातल्या दुरुस्त्या आहेत. मूळ माप मिळत होतं तो काळ, ते मिळेनासं झालं तो काळ, आणि मिस्त्रीने लेथवाल्याकडून तोड काढली तो काळ. फोटो काढा, मापं घ्या, मालकाला विचारून वर्षं लावा. पुराभिलेखागारात याहून सलग नोंद क्वचितच मिळते.

इथे एक गोष्ट जोखमीची आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल आणि (ही आपल्यासाठी गंमत) तांत्रिक संशोधन, एवढ्यासाठीच परवानगी. रोज वापरायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवायची, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; परदेशी जाणारा वारसा थांबवायला काहीतरी चौकट हवीच होती. पण चौकटीत बसते ती न वापरलेली गाडी. साठ वर्षं शेतावर चाललेल्या बुलेटचं इंजिन चार वेळा उघडलेलं असतं, सिलिंडर बोअर केलेला असतो, कार्बोरेटर अमलचा जाऊन मिककार्बचा आलेला असतो. ‘मूळ रूप’ कुठून आणायचं? गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, झिओलाइटचे. जुन्या गॅझेटिअरमध्ये त्यांची कथा आहे: दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्याकडचे नारळ वगैरे सगळा माल दगड झाला. विंटेजचे नियम वाचताना मला दर वेळी ते नारळ आठवतात. आणि चालत्या गाड्या कमी झाल्या की अडीच सुताचा पाना ओळखणारा, पहाटे टॅपेट लावणारा मिस्त्रीही कमी होतो. तो काही म्युझियममध्ये ठेवता येत नाही. या विषयावर काम करायचं असेल तर हाताशी असलेला वेळ फार नाही.

फील्डवर जाणार असाल तर दोन कामाच्या गोष्टी. मुलाखतीत ‘गाडी कधी घेतली, का घेतली’ इथून सुरुवात करू नका; साठवून ठेवलेलं उत्तर मिळतं. ‘मागच्या पावसाळ्यात कुठे बंद पडली होती?’ असं विचारा. रस्ता, काम, सोबतचा माणूस, मिस्त्री, खर्च, सगळं आपोआप येतं.

दुसरी गोष्ट कागदांची. वर्धा जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि राजधानी नागपूर. मग मुंबई राज्य, मग १ मे १९६०पासून महाराष्ट्र. एमएच-३२ हा नंबर तर १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरच्या काळातला. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या गाडीचे कागद फक्त मुंबईच्या दप्तरात शोधाल तर पहिली काही वर्षं हाती लागणार नाहीत. आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचासुद्धा, आणि त्याच दिवशी इंजिन नंबर व चेसिस नंबर गाडीवरून वाचून घ्या. दोन्ही जुळतीलच असं नाही. नाही जुळले तर मालकाचं नाव प्रबंधात येणार नाही, हे त्यांना फोटो काढायच्या आधी सांगा.